दुकानाची विचारपूस

सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. ते सगळ्यांना कळलं, फक्त दुकानाला कळलं नाही.

चौथा महिना होता तेव्हा ती दोघं तिथे गेली होती. ती तान्ह्या कपड्यांवरून हात फिरवत राहिली आणि नवऱ्याने काउंटरवर सभासदाचा फॉर्म भरला. डॉक्टरांनी दिलेली तारीख त्याने त्यात ठळक अक्षरात लिहिली.

ती तारीख उजाडली तेव्हा ती लाँड्रीत कामावर होती. हॉटेलांच्या ओल्या चादरी दोघींनी दोन टोकांना धरायच्या, ताणायच्या आणि तापल्या रोलरमध्ये सोडायच्या. समोरचं टोक धरणारीला सगळ्या टिटवी म्हणत, कारण तिचं तोंड रोलरबरोबर सुरू व्हायचं आणि रोलरबरोबरच थांबायचं. खिशातला फोन थरथरला. ‘अभिनंदन! बाळ आलं ना? पहिल्या टोपीवर खास सवलत.’ तिच्या हातून चादर सुटली. कुणाचा निरोप, असं टिटवीने विचारलं. दुकानाचा, ती म्हणाली. टिटवी हसली. तिलाही यायचे म्हणे असले निरोप. म्हणाली, आमच्या ह्यांनी जन्मात केली नाही एवढी विचारपूस ती लोकं करतात, आता जेवलीस का तेवढं विचारायचं राहिलंय.

तो निरोप तिने पुसला नाही. संध्याकाळी जाऊन टोपी घेतली.

घरात बाळाचा विषय कुणी काढत नसे. नवरा इमारतींना काचा बसवायचा. संध्याकाळी येऊन बोटांवरची पुट्टी खरवडत बसायचा. सासूबाई तोंडाने तिखट, पण त्यांचाही तिखटपणा या एका गोष्टीपाशी येऊन मुका व्हायचा. दुकान मात्र महिन्याच्या महिन्याला विचारायचं. बाळ हसतं का? मान धरतं का? पालथं पडलं का? आणि खाली लगेच, ‘आजचा शेवटचा दिवस. आई कधी मागे राहत नाही.’ ती मागे राहिली नाही. मोजे घेतले, खुळखुळा घेतला, लाळेरं घेतलं, मऊ काठाचा चमचा घेतला, सदरा घेतला. पिशवी हातात असेपर्यंत तिला आई झाल्यासारखं वाटायचं. मग घर यायचं, आणि पिशवी कपाटात चादरींच्या मागे जायची. दर खेपेला थोडी आणखी मागे.

निरोपांच्या नवव्या महिन्यात सासूबाई अचानक गोड झाल्या.

तिच्या हातातली बादली त्यांनी काढून घेतली. वाकू नकोस म्हणाल्या. ताटात दुधाचा पेला आला, आणि कपडे वाळत घालताना त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं,

बाळ माझं आलं, पावलाविना आलं
दार न वाजवता, घर भरून गेलं.

तिला काही उमगेना. तिसऱ्या दिवशी, घरात दोघीच असताना, सासूबाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

“कितवा गं? मला तरी सांग. कपाटात पांघरूण शोधत होते, तेव्हा दिसलं सगळं.”

ती मग उठली, कपाटातून एक सदरा काढला आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. सासूबाईंनी तो उलगडला. त्यांची तीन लेकरं त्यांच्याच हातून वाढलेली. सदरा किती महिन्यांच्या बाळाचा हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तो नव्याने येणाऱ्या बाळाचा नव्हता, गेलेलं बाळ असतं तर आज त्याच्या अंगाला बसला असता. त्यांची बोटं त्या चिमुकल्या बाहीत अडकल्यासारखी थांबली.

तिने फोन पुढे केला. सासूबाई एकेक निरोप अडखळत, मोठ्याने वाचत गेल्या. आधाराशिवाय बसतं का, इथपर्यंत आल्या आणि फोन सदऱ्यावर ठेवला.

“यांना कुणी सांगितलंच नाही?”

“सांगितलं तर विचारायचे बंद होतील. दुसरं कुणी विचारत नाही, आई.”

सासूबाई सदऱ्याची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, घरात मीच सगळ्यांना दटावलं होतं, हिच्यासमोर तोंड उघडाल तर बघा. जखमेवर मीठ नको म्हणून. आणि तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “कुणासारखं होतं गं? मला धीर झाला नाही बघायचा.”

“नाक तुमच्यासारखं.” ती म्हणाली. त्या दुपारी दोघी जे रडल्या, ते इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं.

दोन दिवसांनी निरोप आला. ‘बाळ आता उभं राहू लागेल! पहिल्या पावलांसाठी बूट. साठा थोडाच उरला आहे.’ सवयीने तिची पावलं दुकानाकडे वळली. लाल बूट हातात घेतले. तळ जेमतेम तिच्या तळहाताएवढा. आजवर बाळ निजलं होतं, बसलं होतं, तिच्याजवळ होतं. हे बूट घातले की ते चालायला लागणार, आणि चालणार ते दुकानाचं बोट धरून. दुकान नेईल तिथे. पाच वर्षांचं होईल, दहा वर्षांचं होईल, आणि दर खेपेला दुकान सांगेल, मागे राहू नकोस.

तिने बूट जागेवर ठेवले आणि काउंटरवर गेली. नाव काढायचंय, म्हणाली.

तिथल्या मुलीने हसून सांगितलं की या महिन्यात सभासद राहिलात तर भेटवस्तू आहे. नको म्हटल्यावर मुलीने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. कारण निवडायचं होतं. बाळ मोठं झालं. निरोप फार येतात. दुसरं दुकान आवडलं.

“यात नाही माझं कारण,” ती म्हणाली. “बाळ नाही. जन्माआधीच गेलं.”

तोंडातून पहिल्यांदाच निघालं ते. मुलीचं हसू मावळलं. तिने कारणाची जागा कोरीच सोडली, बटणं दाबली आणि हळू आवाजात विचारलं, “ताई, या फॉर्मवर आणखी एक नंबर आहे. त्यावरही सगळे निरोप जातात. तोही काढू?”

नंबर नवऱ्याचा होता.

“तो राहू दे,” ती म्हणाली. “त्यांना विचारते.”

संध्याकाळी तो पुट्टी खरवडत बसला होता. ती शेजारी बसली आणि म्हणाली, “दुकानाचे निरोप तुम्हालाही येत होते.”

त्याने मान हलवली. “पुसवेनात,” तो म्हणाला. “वाटलं, तुला कळलं तर मोडशील. मागे एकदा टोपी बघायला गेलो होतो. दारातूनच परत आलो.”

तिने कपाट उघडलं. चादरींच्या मागून एकेक पिशवी काढली आणि पलंगावर मांडली. टोपी, मोजे, खुळखुळा, लाळेरं, चमचा. कुठली वस्तू कुठल्या महिन्यात, हे तो तिच्याआधीच सांगत गेला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, मग आत येऊन टेकल्या.

शेवटी तिने तो सदरा ठेवला. बुटांसाठी त्याने हात पुढे केला, तर पलंगावर पुढे काही नव्हतं.

“एवढंच,” ती म्हणाली. “माझं नाव मी आज काढलं, तुमचंही काढू?”

त्याने फोन काढून तिच्या हातात दिला.