अकरा दोषांच्या खाली

रविवारचा पेपर पंडित भिरुडांनी दोनदा उलटून पाहिला. मग उभा धरून झटकला, जणू राहिलेल्या ओळी घडीतून खाली पडतील.

"काय हरवलं?" चहाचा कप ठेवत मंदाबाईंनी विचारलं.

"शेवट."

"कशाचा?"

त्यांनी पुरवणीचं चौथं पान पुढे केलं. 'खेळून पाहिलं' हे त्यांचं सदर नेहमीच्या जागी होतं, नावही छापलं होतं. अकराव्या दोषापर्यंत मजकूर शब्दाला शब्द बरोबर होता. त्याच्या खाली त्यांनी दीड पान लिहिलं होतं. तिथे आता एअर कूलर होता आणि कूलरपुढे हसणारी बाई होती.

पंडितभाऊ भुसावळच्या यार्डात टीएक्सआर होते, म्हणजे गाडी सुटण्याआधी डब्यांची चाकं, ब्रेक, स्प्रिंगा तपासणारा माणूस. तीस वर्षं हातोडीने चाकं ठोकून आवाज ऐकायचा, दोष असेल तर खडूने खूण करायची, हेच काम. काँप्युटरचा आणि त्यांचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण धाकटी लेक सुनीता इंजिनिअरिंग करून बंगळूरला नोकरीला लागली आणि तिचं मशीन क्वार्टरच्या पुढच्या खोलीत राहिलं. त्यावर मंदाबाईंनी क्रोशाचं झाकण घातलं. एकदा रात्रपाळीहून आल्यावर झोप लागेना, म्हणून पंडितभाऊंनी झाकण काढलं. आत विमानाचा एक खेळ होता. आठवडाभर त्यांचं विमान पडत राहिलं. आठव्या दिवशी ते उतरलं आणि यांनी वहीत लिहिलं, 'धावपट्टी फार आखूड. वाऱ्याची दिशा दाखवत नाही. परंतु ढगांतून खाली येताना पोटात खड्डा पडतो, तो खरा.'

ती वही जळगावच्या एका दैनिकात रविवारची पुरवणी पाहणाऱ्या कांतीलालजींच्या हाती लागली. कांतीलालजींचं कापडाचं घराणं, पण हा माणूस वडिलांच्या दुकानात न बसता पेपरात बसला. त्यांनी सदर दिलं. इंग्रजी मासिकांतून उचललेलं तारांकित कौतुक त्यांनाही नको होतं.

पंडितभाऊंना फार गाजलेले खेळ आवडत नसत. जे थोडे लंगडे असत, तेच त्यांना खुणावत. ज्यातला अंपायर कधीच पायचीत देत नाही तो क्रिकेटचा खेळ. ज्यात शहर वसवता वसवता माणसं गुपचूप निघून जातात तो एक. अशा खेळांवर ते पान पान लिहीत. आधी दोष, आकडे घालून. आणि मग सगळ्यात शेवटी, हे सगळं असूनही हा खेळ का खेळावा, ते. एरंडोलहून एका स्टेशनरीवाल्याचं दर महिन्याला पत्र येई, 'तुम्ही वाईट म्हटलेले खेळच मी मागवतो.'

कांतीलालजींनी एकदा सुचवलं होतं, "भिरूडभाऊ, चांगलं आधी लिहा. पेपरात जागा कमी पडली तर कात्री खालून लागते."

"गोड शेवटीच वाढतात," पंडितभाऊ म्हणाले होते.

आता ते चपला घालून स्टेशनजवळच्या टेलिफोन बूथवर गेले.

"जाहिरात संध्याकाळी आली भाऊ," कांतीलालजी फोनवर म्हणाले. "मी घरी होतो. पेस्टिंगच्या पोराने ब्लेड घेतलं अन् खालून कापलं. चूक आमचीच. पुढच्या रविवारी राहिलेलं देतो."

"पुढच्या रविवारपर्यंत त्या माणसानं काय करायचं?"

तो माणूस म्हणजे धुळ्याचा भटू देवरे. एका तंत्रनिकेतनात तो लॅब असिस्टंट होता. त्याने स्वतः एक खेळ तयार केला होता. नाव 'फेरी'. दोंडाईच्याची मिरची ट्रकमध्ये भरायची आणि आग्रा रोडने देवासपर्यंतच्या बाजारांत पोचवायची. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, 'जळगावचे एक विक्रेते नवीन मशीनबरोबर हा खेळ देण्यास तयार आहेत. आपला अभिप्राय वाचून ठरवू म्हणतात.' पत्राबरोबर एकच फ्लॉपी होती.

पंडितभाऊंनी 'फेरी' नऊ दिवस खेळली. सेंधव्याच्या घाटात ट्रक चढावर पळायचा आणि उतारावर रेंगाळायचा. उभ्या ट्रकचंही डिझेल जळत राहायचं. नाक्यावरचा दांडा आडवा असला तरी गाडी आरपार जायची. खेळ संपला की मशीन ठार बंद. असे अकरा दोष त्यांनी लिहिले, एकही सोडला नाही. कच्च्या मालाला सूट दिली तर तो पक्का कसा होणार, असं त्यांचं मत.

पण प्रत्येक फेरीच्या शेवटी ट्रक परत गावाशी यायचा. दिवस कललेला असायचा. रस्त्याकडेला एक घर होतं आणि दारात एक बाई कपाळावर आडवा हात धरून उभी असायची. ट्रक घरापाशी थांबला की ती आत जायची आणि खिडकीत दिवा लागायचा. त्याला गुण नव्हते, बक्षीस नव्हतं. ती बाई नसती तरी खेळाचं काही अडलं नसतं. पंडितभाऊंनी त्या बाईवर दीड पान लिहिलं. त्यांच्या हातून तितकं चांगलं आधी काही लिहून झालं नव्हतं, आणि ते त्यांना कळलंही होतं.

त्या दीड पानाच्या जागी कूलर आला.

भटूला दूरध्वनी नव्हता. त्यांनी त्याच दिवशी आंतर्देशीय पत्र टाकलं, पण ते वाटेतच राहिलं असावं; गुरुवारी भटूचंच कार्ड येऊन पडलं. अक्षर बारीक आणि सरळ होतं. 'सा. न. वि. वि. आपण दाखविलेले सर्व दोष मान्य आहेत. विक्रेत्यांनी खेळ घेण्यास नकार कळविला, त्यात आपला दोष नाही. दुरुस्तीचे काम चालू आहे. मेमरीत जागा होत नव्हती म्हणून जे अनावश्यक होते, ते घर वगैरे, काढून टाकले आहे. आता खेळ जलद चालतो. आपला, भटू नथ्थू देवरे.'

पंडितभाऊंनी कार्ड मंदाबाईंना वाचून दाखवलं.

"घर वगैरे," मंदाबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ती फ्लापी काय म्हन्ता ते, ते तुमच्यापाशी हाये ना?"

"हाये."

"मंग बसले काहून?"

शुक्रवारी रजा टाकून ते धुळ्याच्या बसमध्ये बसले. शर्टाच्या वरच्या खिशात फ्लॉपी होती. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, त्यांचा हात काही खिशावरून निघाला नाही. कोणीतरी सांगितलं होतं की उन्हाने फ्लॉपी खराब होते, म्हणून ते सावलीच्या बाजूला बसले होते. मार्च संपत आला होता आणि शेतांत कापसाच्या वाळक्या काड्या उभ्या होत्या.

देवपूर भागात विचारत विचारत ते पोचले. घर दोन खोल्यांचं. ओट्यावर एक म्हातारी मिरच्यांची देठं खुडत बसली होती.

"भटू देवरे इथेच राहतात का?"

"आठेच. तुम्ही कोन?"

"मी भुसावळचा. पंडित भिरूड."

म्हातारीचे हात थांबले. त्या भटूच्या आई, बेबाबाई. "पेपरवाला तुम्हीच का?"

"मीच."

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी पाण्याचा तांब्या आणला. मग म्हणाल्या, "तुम्ही काय लिखं ते मी नही वाचं. माले वाचता येत नही. पन पोऱ्यानी माले काढी टाकं."

"तुम्हाला?"

"त्यामां मी व्हतू ना. त्या खेळमां. यान्हा बाप ट्रकवर व्हता. मी दारमां उभी ऱ्हास, तसंच काढं व्हतं त्यानी. माले दखाडनार व्हता, लॅबमां ली जाईसन. मंग पेपर उना, तर म्हने, माय, आते तू नही शे तठे."

पंडितभाऊंनी तांब्या खाली ठेवला. आवाज जरा मोठाच झाला.

भटू दुपारी जेवायला आला. तिशीचा, किडकिडीत, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या. पाहुण्याचं नाव ऐकताच तो वाकला. पंडितभाऊंनी त्याला पाया पडू दिलं नाही.

"भाऊ, नऊ दोष गेले," भटू उत्साहाने म्हणाला. "घाटाचं गणितच उलटं होतं. वजाच्या जागी अधिक पडलं होतं. नाक्याचा दांडा पण धरतो आता."

"आणि घर?"

"त्याचं काय आहे, ते चित्र फार जागा खात होतं. तुम्ही अकरा गोष्टी लिहिल्या, त्यात त्याचं नावसुद्धा नव्हतं. म्हणजे ते कुणाच्या नजरेलाही आलं नाही. मग ठेवायचं कशाला?"

"जुनं ठेवलं असेल ना कुठे?"

"नाही. त्याच फाइलवर नवीन लिहिलं." भटूने मान खाली घातली. "ठिपका ठिपका करून दोन महिने काढलं होतं. ते परत काही होणार नाही माझ्याच्यानं."

पंडितभाऊंनी खिशातून फ्लॉपी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

जेवणं झाल्याशिवाय बेबाबाईंनी कुणाला हलू दिलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर तेल. मग तिघं रिक्षाने तंत्रनिकेतनात गेले. लॅब रिकामी होती. भटूने आईसाठी खुर्ची ओढली. बेबाबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि देवळात बसावं तशा बसल्या.

फ्लॉपी घरघरली. पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं आली, 'फेरी'. भटूने ट्रक चालवला आणि अर्ध्या मिनिटात गावाच्या अलीकडे आणून थांबवला. दारात बाई उभी होती, कपाळावर आडवा हात.

बेबाबाईंनी पडद्याकडे बोट केलं.

"हाई मी शे?"

"हां, माय."

"इतली बारीक?" त्या पुढे वाकल्या. "लुगडं हिरवं कसाले? मन्हं निळं व्हतं."

"सोळाच रंग मिळतात, माय. निळा आभाळाले लागना."

"मंग ऱ्हाऊ दे हिरवं." त्या मागे टेकल्या. "पन हात बराबर शे." आणि पंडितभाऊंकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही काय लिखं व्हतं ते वाचा."

पंडितभाऊंनी पिशवीतून कच्चे कागद काढले. त्यांनी कापलं गेलेलं दीड पान वाचलं. वाचताना त्यांना आपलाच आवाज परका वाटत होता. यार्डात मोठ्याने वाचायची वेळ कधी येत नाही. 'या खेळातील एक गोष्ट अशी आहे की जिचा काही उपयोग नाही,' असं ते सुरू होत होतं. 'मी तीस वर्षे गाड्या रवाना केल्या. त्या गाड्यांतील माणसांची कुठे कुणी वाट पाहत असेल, हा विचार मला या घरापाशी पहिल्यांदा आला.' पुढे आणखी बरंच होतं. भटू कळफलकावर वाकून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "पण दोन्ही नाही मावत, भाऊ. दुरुस्त्या ठेवल्या तर घर नाही. घर ठेवलं तर घाट पुन्हा उलटा."

पंडितभाऊंना यातलं काही कळत नव्हतं. सल्ला देणं त्यांच्या कामातही बसत नव्हतं.

"किती गावं शेत त्यामां?" बेबाबाईंनी विचारलं.

"बाजार पाच."

"एक कमी कर. तुन्हा बाप कव्हय पाच गाव नही गया एक फेरीमां."

भटू पहिल्यांदाच हसला. कागद ओढून त्याने काहीतरी हिशेब केला, खोडला, पुन्हा केला. "देवास काढलं तर होईल," तो म्हणाला. "होईल, भाऊ."

पुढे त्या विक्रेत्याने काही खेळ घेतला नाही. त्याने तोवर दुसरं काहीतरी ठरवलं होतं. पेपरात राहिलेला मजकूर आला, पण एकटाच, वरच्या अकरा दोषांशिवाय, आणि बऱ्याच वाचकांना तो कशाबद्दल आहे तेच समजलं नाही. 'फेरी'च्या प्रती निघाल्या त्या हातोहात दिलेल्या, चाळीसेक. एक एरंडोलला गेली. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी बेबाबाई म्हणाल्या, "आते चुका बी वाचा."

"चुका कशाला?"

"त्यानी तेवढ्याच ऐकेल शेत. माले बी ऐकू द्या."

पंडितभाऊ वाचू लागले. एकेक दोष झाला की भटू म्हणे, "गेला." पुढचा. "हा पण गेला." सहाव्यावर तो थोडा घुटमळला, "हा अर्धा गेला." ट्रक मघाशी गावाच्या अलीकडे थांबवला होता, तो तसाच उभा होता. त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

नवव्या दोषावर पंडितभाऊ अडखळले. त्यांनी चष्मा वर केला. पडद्यावरचं आभाळ काळसर झालं होतं, आणि दारातली बाई उभी नव्हती. ती उंबऱ्यावर बसली होती, चौकटीला डोकं टेकून.

"हे मी पाहिलं नव्हतं," ते म्हणाले.

"उशीर झाला तर बसते," भटू म्हणाला. "तुम्ही वेळेवर पोचत असाल."

पंडितभाऊंनी कागद मांडीवर ठेवले. नऊ दिवस ते हा खेळ खेळले होते, आणि एकदाही त्यांची गाडी उशिरा आली नव्हती.

बेबाबाई पडद्याकडे पाहत होत्या. त्यांचा हात पदराच्या काठावर होता आणि काठाची घडी घालत होता, उलगडत होता.

"त्याले घर आन," त्या हळूच म्हणाल्या.

भटूने कळ दाबली. ट्रक हलला.