जावईबापूंचा निरोप

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. हसलात ना, मित्रांनो? हसा, हसा. वर्गात ज्याला उत्तर येत नाही त्याला ‘ठोकळा’ म्हणतात, हे माझ्या कानावर आलेलं आहे. पण उत्तर माहीत असून ज्याला बोलता येत नाही, त्याला काय म्हणायचं? माझी गोष्ट त्याचीच आहे.

सुताराच्या दुकानात माझा जन्म झाला. एका दाराच्या चौकटीतून उरलेला मी वीतभर तुकडा. माझे भाऊ चौकट झाले, उंबरा झाले. मी मात्र कोपऱ्यात भुशाचं पांघरूण घेऊन पडून होतो. एके दिवशी शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका आले.

“चढाच्या गल्लीत बस उभी करावी लागते,” ते म्हणाले. “चाकामागे लावायला काहीतरी द्या. पण हट्टी द्या हं.”

सुताराने मला उचललं, माझी एक बाजू तिरकी तासली आणि घाम पुसत म्हणाला, “हा घ्या. याच्यापायी माझा रंधा बोथट झाला.”

काकांनी मला हातात तोललं. “वा! म्हणजे जावईच मिळाला म्हणा की. एकदा बसला की उठायचं नाव नाही!”

तेव्हापासून मी जावईबापू झालो.

काय ते दिवस होते, मित्रांनो! बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला एक मावशी असत. बारीक अंगाच्या, पण आवाज खणखणीत. चढाच्या गल्लीत बस थांबली, की त्या आधी स्वतः उतरायच्या, त्यांच्यामागे दार लगेच बंद व्हायचं. मग त्या मला मागच्या चाकाशी टेकवायच्या, पायाने दोनदा दाबून बघायच्या आणि ओरडायच्या, “लावला!” तो शब्द ऐकल्यावरच काका मुलांसाठी दार उघडत. मुलं उतरली, की मावशी मला उचलून ओरडायच्या, “उचलला!” मग बस निघायची.

मुलांना कुठला धीर! आतून गलका व्हायचा, “काका, दार उघडा ना!”

काका मान हलवायचे. “आधी जावईबापूंचा निरोप येऊ दे. सासुरवाडीत मानपान असतो, बाबांनो.”

तेवढ्या वेळात मुलांनी एक गाणं रचलं. त्यात सर्वांत मोठा आवाज एका दुसरीतल्या मुलीचा. तिला सगळे ‘भोंगा’ म्हणत, आणि तिला त्याचा अभिमान होता.

चाका चाका, चाललास कुठं?
खाली उतारावर!
जावईबापू बसलेत वाटेत,
आधी विचार तर!

हे गाणं ऐकत मी चाकाखाली दबायचो. अख्ख्या बसचा भार अंगावर, पण मला तो मोरपिसासारखा वाटायचा. माझ्या वाढदिवशी (तो मुलांनीच ठरवला होता) भोंग्याने माझ्यावर खडूने मिशा काढल्या. पुढच्याच खेपेला चाकाने त्या पुसल्या. काका म्हणाले, “जावयाने मिशी उतरवली. आता कामाला लागेल!”

मग ती दुपार आली.

त्या दुपारी मावशींनी मला टेकवलं, दोनदा दाबलं, “लावला!” म्हटलं. दार उघडलं. चार मुलं उतरली असतील, तोच ब्रेकचा पाइप फुटला. चाक माझ्यावर रेललं. असं ते कधीच रेललं नव्हतं. मी दात-ओठ खाऊन धरलं. मला दात नाहीत, ओठ नाहीत, तरी खाल्ले. “उतरा, पळा पळा, मावशीकडे!” काका आतून हसऱ्या आवाजात सांगत होते, जणू खेळच चालला आहे. मावशी एकेकाला ओढून घेत होत्या. अकरावं, शेवटचं मूल उतरलं आणि माझा कोपरा फुटला. मी निसटलो.

खालच्या चौकात नुकतीच शाळा सुटली होती, जिकडेतिकडे मुलं होती. काकांनी उडी मारली नाही. त्यांनी स्टिअरिंग वळवलं आणि बस रस्त्याकडेच्या चरात घातली. बस थांबली. काकाही थांबले, कायमचे.

मुलांपैकी कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. मी चराच्या काठी गवतात उडून पडलो, चिखलात अर्धा रुतलो, आणि तिथून जे ऐकलं ते ऐकून लाकडालाही घाम फुटावा.

रोज माणसं चर बघायला यायची. एक म्हणाला, ड्रायव्हरला डुलकी लागली असणार. दुसरा म्हणाला, डुलकी कसली, गात होता. न्हाव्याने तर दाढी करता करता संपूर्ण अपघात उभा केला म्हणे, आणि तो त्या दिवशी परगावी होता! शेवटी सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं: मावशींनी ठोकळा लावलाच नव्हता. लावला असता तर बस घरंगळली कशी? आणि ठोकळा आहे कुठे?

मला शोधायला मात्र कुणी वाकलं नाही. सगळ्यांना खात्रीच इतकी होती!

त्यातले काठीवाले आजोबा तर रोजचे. चराच्या काठी त्यांना बसायला बरी जागा सापडली होती. तिथे ठाण मांडून ते काठी आपटत सांगायचे, “ठोकळा लावला नव्हता. मी लिहून देतो!”

मित्रांनो, ती बरी जागा म्हणजे मी होतो.

आठव्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाई गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींना घेऊन आल्या. मावशींनाही बोलावलं होतं. तोवर त्यांना कामावरून घरी बसवलं होतं. त्यांचं काम राहणार की जाणार, ते आज ठरायचं होतं. त्या आल्या, आणि मला त्या ओळखूच येईनात. खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“मावशी, खरं सांगा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “लावला होता ना?”

“लावला होता,” मावशी म्हणाल्या. मग आपल्याच हातांकडे बघत हळूच म्हणाल्या, “लावला होता, असं वाटतंय.”

“वाटतंय!” गर्दीने तो शब्द झेलला. “ऐकलंत? वाटतंय म्हणे!”

आठ दिवस सगळे एकच बोलत राहिले, की माणसाचा स्वतःच्या हातांवरचाही विश्वास उडतो. मला ओरडावंसं वाटलं. पण ठोकळा तो ठोकळाच.

तेवढ्यात आईचा हात सोडवून भोंगा पुढे आली.

“मग दार कसं उघडलं?”

“तू गप गं,” आजोबा म्हणाले. “लहान तोंडी मोठा घास!”

“पण मावशीने ‘लावला!’ म्हटल्याशिवाय काका दार उघडायचेच नाहीत! कधीच नाहीत! आणि आम्ही सगळे उतरलो ना? दारातूनच उतरलो ना?”

अकरा मुलं गल्लीतच राहत होती. त्यांना विचारावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“म्हटलं असेल नुसतं,” आजोबा तावातावाने उठले. “ठोकळा दाखवा, ठोकळा! कुठाय तो?”

“आजोबा,” भोंगा किंचाळली, “तुम्ही त्याच्यावरच बसला होतात!”

काय हशा पिकला म्हणून सांगू! मिस्त्रींनी मला उपसलं, चिखल पुसला, उलटंपालटं केलं. माझ्या तिरक्या अंगावर टायरची नक्षी खोल उमटली होती, आणि कोपरा फुटून पांढरा पडला होता.

“रोजचे ओरखडे वेगळे असतात,” ते म्हणाले. “हा घाव ताजा आहे. सगळी बस याने पेलली आहे. न लावलेला ठोकळा असा फुटत नाही, बाई.”

मावशींनी मला पोटाशी धरलं. त्या रडल्या आणि रडता रडता हसल्या. “होतास ना रे? होतास ना तू?” एवढंच म्हणत राहिल्या.

काठीवाले आजोबा खाली मान घालून मावशींपुढे आले. “चुकलो, पोरी. बुडाखाली पुरावा आणि तोंडात निकाल, अशी गत झाली माझी.”

तो पाइप वेळेवर का बदलला नव्हता? ते शोधणारे शोधत आहेत. मी ते पाहिलेलं नाही, म्हणून मी सांगणार नाही.

आता मी शाळेत असतो. दुसरीच्या वर्गाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला तिथे बसवलं आहे. चौकटीतून उरलेला तुकडा शेवटी दाराशीच आला! नव्या बसला नवा ठोकळा आहे, त्याला मुलं ‘धाकटे जावई’ म्हणतात. मावशी पुन्हा ओरडतात, आणि मुलं म्हणतात की आवाज पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे. काठीवाले आजोबा अजूनही गप्पा मारतात. पण कुणाच्या नावाने काही बोलायचं झालं, की आधी उठून आपली बसायची जागा बघतात.

मित्रांनो, ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या बसमध्येही उचलणं आणि लावणं होतं, पण क्रम उलटा: आधी ‘लावला’, मग ‘उचलला’. जिभेचंही तसंच करा. आधी तिला ठोकळा लावा, पायाने दोनदा दाबून बघा, खरी माहिती येऊ द्या आणि मगच ती उचला. कुणाचे तरी प्रामाणिक हात त्या उतारावर उभे असतात.

रोज दुपारी शाळा सुटते. नवी बस निघते. खिडकीतून भोंग्याचा आवाज दारापर्यंत येतो. त्या गाण्यात काका असतात, मावशी असतात, मी असतो. शेवटची ओळ मुलं अशी जोरात म्हणतात, की वर्गाचं दार थरथरतं आणि मी ते घट्ट धरून ठेवतो:

आधी विचार तर!