अंगणातले बावटे

माझी लेक हेतल बीएस्सी झाली म्हणून आमच्या नवापुरात मी जेवण ठेवलं. सजावटीला बोईसरहून फुगेवाला आणा, असा सगळ्यांचा आग्रह होता. मी पेटीतून होडीचे रंगीत बावटे काढले आणि अंगणभर बांधले. फाटकं जाळं दारावर ताणून त्यात दिव्यांची माळ गुंफली.

मोठे दीर आले ते दारातच थांबले. "बावटे नारळी पुनवेला होडीला लागतात. पोरीला नाय."

"नवी होडी आणली तेव्हा तुमी गावजेवण घातलं," मी म्हटलं. "माझी पोरगी पदवी घेऊन आली, तर दोन बावटे पण नाय?"

ते आत आले. मग हेतलच्या हातात त्यांनी मोठं खोकं दिलं. आत काचेचा डिनर सेट होता. "लग्नात कामाला येल. तोवर माळ्यावर ठेव."

माझ्या लग्नातली भांडी बावीस वर्षं माळ्यावरच पडून आहेत. मी खोकं तिथंच उघडलं, ताटं धुतली आणि पहिल्या पंगतीला त्यातच कोळंबीचं कालवण वाढलं. पहिलं ताट हेतलपुढे ठेवलं, दुसरं दिरांपुढे.

"जेवा भावोजी," मी म्हटलं. "लग्नाला दुसरा सेट आणा."