बिनखिडकीच्या खोलीतली हवा

बांधकामाचे नियम सैल झाले आणि रिकाम्या ऑफिसांची घरं व्हायला लागली. ताईला सहाव्या मजल्यावरचं एक घर आवडलं. तिच्या शाळेपासून दहा मिनिटांवर. पण निजायची खोली म्हणजे पूर्वीची मीटिंगची खोली होती, मजल्याच्या पोटात, बिनखिडकीची. आणि ताईला दमा. शनिवारी ठेकेदाराला हो-नाही सांगायचं होतं.

मी प्रयोगशाळेतून कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र मागून आणलं. दार लावून ते तासभर आत ठेवलं. आकडा चारशे तीस. रस्त्यावर चारशे वीस.

"हवा उत्तम!" मी जाहीर केलं.

"आत कोण होतं?" ताईने विचारलं.

"कोणीच नाही."

"मग श्वास कोण सोडत होतं, तुझं यंत्र?"

भाऊजी खो खो हसले. "अगं, एम.एस्सी. ना तू?"

माझे कान तापले. पुन्हा मोजायचं ठरलं, या वेळी माणसांसकट. ठेकेदार किल्ल्या घेऊन दारात उभा होता, ताईने त्यालाही आत बसवलं.

"मी कशाला, मॅडम?"

"तुम्हीच म्हणालात ना, चौघं आरामात मावतात?"

पाव तासात आकडा हजारावर, म्हणजे कोंदट हवेच्या हद्दीत गेला. अर्ध्या तासात पंधराशे. ठेकेदाराने जांभई दिली.

"इथल्या मीटिंगांत काय ठरत असेल, देव जाणे," भाऊजी म्हणाले.

मी स्टुलावर चढून छतातल्या हवेच्या जाळीशी कागदाची पट्टी धरली. ती जराही हलली नाही.

"वरचं हवा खेळवायचं मशीन काढलं," ठेकेदार म्हणाला. "घराला कशाला एवढं मोठं?"

"आणि खिडकी?"

"आता नियमात लागत नाही."

ताई उठून बाहेरच्या खोलीत गेली. तिथल्या काचेची एक झडप उघडत होती. ती उघडून आम्ही चौघं तिथे अर्धा तास बसलो. आकडा सहाशेच्या पुढे सरकेना.

"निजायचं इथे," ताई म्हणाली.

"मॅडम, हा हॉल आहे."

"ही मधली भिंत हलवायला परवानगी लागते?"

ठेकेदाराने मान खाजवली. "आता... नाही लागत."

ताईने त्याच्या हातातला नकाशा घेतला, माझ्याकडून पेन्सिल मागितली आणि उघडणारी झडप निजायच्या खोलीत येईल अशी भिंत खोडून दुसरीकडे काढली.

"अशी बांधून देणार असाल तर माझं हो," ती म्हणाली. "शनिवारची वाट कशाला बघायची?"