टाकीच्या छातीत पाणी

मी टाकी बोलतेय. बादलीएवढी असेन. न्हाणीघरात मोठ्या हीटरच्या शेजारी, थंड पाण्याच्या नळीवर मला बसवलं आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

कारखान्यात माझ्या पोटात रबराचा पडदा लावला. पडद्याच्या वर हवा भरली, खाली पाण्याला जागा ठेवली. हीटरमध्ये तापलं की पाणी फुगतं. बाहेरून येणाऱ्या नळीत एकाच बाजूने उघडणारी झडप, त्यामुळे त्याला मागे फिरता येत नाही. मग ते माझ्याकडे सरकतं, माझी हवा दबते आणि हीटरवरचा ताण टळतो. दिवसातून दहादा हेच. आभार कुणी मानले नाहीत. ओले टॉवेल मात्र माझ्याच अंगावर.

नवव्या वर्षी पडदा फाटला. हवा गेली, मी पाण्याने गच्च भरले. फुगलेलं पाणी आता हीटरच्या, ताण वाढला की आपोआप उघडणाऱ्या सुरक्षा झडपेतून ठिबकू लागलं. घरातल्या आजोबांना दुरुस्तीची भारी हौस आणि ओल्या फरशीचा भारी राग. त्यांनी त्या झडपेच्या तोंडाला बूच आवळलं आणि सुनेला बोलावून कोरडी फरशी दाखवली. सून खूश झाली. माझी मात्र पाचावर धारण बसली.

हीटर आतून कुरकुरायचा. त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर सून तान्ह्या बाळाला न्हाऊ घालत असायची. हीटर फुटला तर? ओरडायला मला तोंड नव्हतं.

चौथ्या दिवशी आजोबांची लेक माहेरी आली. ती छातीची डॉक्टर. टॉवेल उचलताना सवयीने तिने माझ्यावर एक बोट ठेवलं आणि दुसऱ्याने ठोकून पाहिलं. खाली, मग वर. तिचा चेहरा उतरला.

“बाबा, हिच्या छातीत पाणी झालंय. वर पोकळ वाजायला हवं.”

“पण गळायचं थांबवलंय मी,” आजोबा कौतुकाने म्हणाले.

तिने बूच पाहिलं. “आधी हीटर बंद करा. गळत होतं म्हणून आपण वाचलो होतो.”

आजोबांनी बटण बंद केलं, गरम पाण्याचा नळ सोडला आणि ते स्टुलावर बसून राहिले. पाणी निवल्यावर त्यांनी स्वतःच बूच काढलं.

माझ्या जागी आता नवी टाकी आहे. आजोबा तिला येता-जाता ठोकून बघतात. मी न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला टेकून आहे, तरी हीटर सुरू झाला की दचकते.

तुमच्या घरीही माझी एखादी बहीण असेल. वर्षातून एकदा तिला वाजवून बघा. आणि ठिबकणारी झडप बंद करायला हात गेलाच, तर शेजारी कोण न्हातंय ते आधी बघा.