उलटी किक

वहिनीचा नवरा वारला त्याच महिन्यात दिराने शेडची किल्ली मागून घेतली. नवऱ्याचा कामाचा तेलकट डगला तेवढा राहू द्या, असं ती म्हणाली, तर "त्या घाणेरड्या फडक्याचं काय करायचंय?" म्हणत त्याने तो तिच्यासमोरच भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला. वर चारचौघांत सुनावलं, "आणि मोटरसायकलच्या बाबतीत तुम्ही तोंड घालू नका."

वहिनीने मान डोलावली. मग तिने ठरवलं, ऐकायचंच तर शब्दन् शब्द ऐकायचं.

मोटरसायकल सासऱ्यांच्या वेळची, बंद पडलेली. ती कुणाची, याचा निवाडा दिराच्या मामांनी केला होता. "इंजिनाचं काम करून आण, माझ्यासमोर चालू कर आणि घेऊन जा. नाही झाली, तर सूनबाईची."

त्याप्रमाणे आज गाडी अंगणात उभी होती. पिस्टन नवा, रिंगा नव्या. ठिणगी देणारा मॅग्नेटो जळला होता, म्हणून मिस्त्रीने दुसऱ्या जुन्या गाडीचा बसवला होता. हँडलला ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी छोटी दांडी होती. दिराने ती दादासारखीच पार मागे ओढली, ऐटीत पाय उचलला आणि किक मारली.

किक उलटी आली ती थेट नडगीवर.

"आई गं!"

"आईला कशाला हाक मारतोस? सुटली बिचारी," खुर्चीतून मामा म्हणाले.

दोरीवर कपडे वाळत घालता घालता वहिनी थांबली. ठिणगी फार लवकर पडली की इंजिन अशी लाथ घालतं. पूर्वी नवऱ्याने असाच एक मागून आणलेला मॅग्नेटो लावला होता. त्याची तार उलटी चालायची. दांडी मागे ओढली की ठिणगी उशिरा पडायच्या ऐवजी लवकर पडायची. तेव्हा तोही लंगडला होता, आणि मग दोघं हसत हसत दांडी पुढे ढकलायला शिकली होती.

तिने चादर झटकली आणि नीट पसरली.

दिराने प्लग बदलला. कार्बोरेटर खोलून पुसला. टाकीतलं पेट्रोल काढून नवं भरलं. मिस्त्रीला फोन लावला. "स्पार्क येतोय, पेट्रोल येतंय, कॉम्प्रेशन झकास आहे म्हणतो!"

"मग अक्कल तेवढी यायची राहिली असेल," मामा म्हणाले.

प्रत्येक वेळी तो दांडी इमानाने मागे ओढत होता आणि प्रत्येक वेळी लाथ खात होता. ही किल्लीची, वहिनी मनात म्हणाली. ही डगल्याची. हीसुद्धा डगल्याचीच. देवाकडे तिने एवढंच मागितलं, की हाड मोडू नये. बाकी दुखायला हरकत नाही.

"बर्फ आणू का, भाऊजी?"

"बर्फ राहू द्या! दादा काय करायचा ते सांगा. तुम्ही असायचात ना त्याच्याबरोबर?"

"असायचे. पण मी तोंड घालायचं नाही असं ठरलंय. तुम्हीच म्हणालात."

"आता मीच विचारतोय ना!"

"चारचौघांत म्हणालात, भाऊजी. चारचौघांत मागे घ्या."

दिराने मामांकडे पाहिलं. कुंपणापाशी शेजारी जमले होते, त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा किकवर पाय ठेवला.

त्यानंतरच्या लाथेने तो खालीच बसला.

"भंगार आहे नुसतं! ठेवा तुम्हालाच!" त्याने शेडची किल्ली पायरीवर भिरकावली आणि फाटक ढकलून लंगडत निघाला.

वहिनीने किल्ली उचलून कमरेला खोचली. दिराला कोपऱ्यापर्यंत पोहोचू दिलं. मग पदर आवळला, दांडी पुढे ढकलली आणि एकच किक मारली.

गाडी धडधडली.

"अगं, तुला ठाऊक होतं?" मामा ओरडले.

"पहिल्या लाथेपासून, मामा."

कोपऱ्यावर दीर थांबला होता, पण वळत नव्हता. तिने ॲक्सिलरेटर पिळला, आणि तो वळून बघेपर्यंत पिळतच राहिली.