बुटांची तोंडं

टॅक्सीत बसल्या बसल्या ज्ञानदाने सांगून टाकलं, "बाबा, प्लीज, तिथे काही बोलू नका हं. आणि टच तर बिलकुल नको."

"बरं," म्हणाला तानाजी.

दुसरं काय म्हणणार? दोन महिन्यांनी दूर वाळवंटातल्या दुक्मच्या पाइपलाइन साइटवरून दोन दिवस सुटी मिळालेली. त्यातला एक दिवस झोपण्यात गेला. पोरगी तेरा वर्षांची. बाप घरात असला की ती खोलीत, बाप खोलीत डोकावला की ती मोबाइलमध्ये. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "मम्मीला विचारा." मम्मी म्हणजे विद्या, क्लिनिकमध्ये नर्स. तिची आज ड्युटी. आणि शाळेच्या प्रोजेक्टसाठी चिनी चित्रकारांचं प्रदर्शन आजच बघायला हवं होतं, म्हणून नाइलाजाने बापाची वर्णी लागली. तानाजीला मात्र सकाळपासून एकच धास्ती. आज काही चुकलं, तर ही पोरगी पुन्हा कधी आपल्याबरोबर घराबाहेर पाऊल टाकणार नाही.

दुपारी दोनला रुवीहून कंपनीची बस. घरी जाऊन बॅग उचलायची की निघायचं, म्हणून त्याने सेफ्टी शूज आधीच चढवले होते. ज्ञानदाने त्या बुटांकडे एकदा बघितलं आणि घराजवळची वादी अदाई मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर तोंड केलं.

गॅलरी कुरुमला, समुद्राच्या बाजूला, एका पांढऱ्या बंगल्यात. आत एसी असा की माणसाने स्वेटर मागावा. लोक भिंतीसमोर हाताची घडी घालून उभे, हळूच मान हलवत कुजबुजत होते. एवढ्या हळू आवाजात माणसं फक्त मयताला बोलतात. ज्ञानदाला शाळेतली मैत्रीण भेटली आणि दोघी वही काढून पुढच्या दालनात पसार झाल्या. मैत्रिणीचे वडील केयूर दांडेकर, इथल्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी. दर गणपतीला तानाजी त्यांच्या मंडपाचे पाइप उभे करून देई. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे पाहावं तसं पाहून पुढे गेले. चेहरा आठवायला आधी बघावा लागतो.

तानाजी एकटाच फिरला. एका ठिकाणी रंगाचा नुसता राडा होता, एका ठिकाणी टीव्हीवर कोणीतरी म्हातारा तासभर भात गिळत होता. असू दे बाबा, आपल्याला कळत नाही. मग आला एक दरवाजा. आत छोटी खोली, आणि दाराबाहेर जमिनीवर बूट. साठ-सत्तर जोड, सगळे कामाचे. टाचा झिजलेल्या, चामडं भाजलेलं, नाड्या तेलाने काळ्या.

तानाजीला एकदम बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा या बंगल्यात काहीतरी ओळखीचं दिसलं होतं. दुक्मला कॅम्पवर प्रत्येक पोर्टाकॅबिनच्या दाराशी हेच असतं. वाळूचे बूट खोलीत न्यायचे नाहीत. हा नियम मल्याळी पाळतो, बंगाली पाळतो, पलीकडच्या कॅम्पातला चिनीसुद्धा पाळतो. म्हणजे आत आपल्यासारखीच माणसं आली आहेत आणि आत बूट चालत नाहीत. त्याने खाली बसून नाड्या सोडल्या, आपले बूट त्या रांगेच्या टोकाला नीट लावले आणि मोज्यांवर आत शिरला.

आत चिटपाखरू नव्हतं. भिंतभर एकच चित्र होतं, काळ्या शाईचं. धुकं, डोंगर, डोंगरातून गेलेली अजस्र पाइपलाइन आणि तिच्यावर मुंगीएवढा एक वेल्डर. तानाजी जवळ गेला, मागे आला, परत जवळ गेला. चित्र झकास होतं. फक्त त्या वेल्डरने मास्क कपाळावर सरकवला होता आणि ठिणगी चालू होती. "आंधळा होशील रे," तानाजी त्याला पुटपुटला, आणि लगेच दाराकडे बघून गप्प झाला. बोलायचं नव्हतं.

दहा मिनिटांनी तो बाहेर आला आणि आपल्या बुटांना हात घातला.

"भाईसाब! हात मत लगाओ!"

सगळं दालन वळलं. गॅलरीचं कार्ड गळ्यात घातलेली, डोक्यावर हिजाब घेतलेली एक बाई धावतच आली. कार्डावर सफूरा लिहिलं होतं.

"बाई, माझे बूट आहेत," तानाजीच्या तोंडून मराठीच निघालं.

"तुमचे कसे? ओ दादा, हे आर्टवर्क आहे!" तीही मराठीवर आली. श्रीवर्धनकडची होती. "चीनवरून विमानाने आलेत हे बूट. इन्शुरन्स आहे प्रत्येकाचा!"

भिंतीवरची, बुटांची माहिती देणारी पाटी तानाजीने आत्ता पाहिली. घाम पाठीवरून खाली गेला, एवढ्या एसीत.

केयूर साहेब आलेच. असे लोक अशा वेळी बरोबर येतात. "काय हो, देऊळ वाटलं का हे तुम्हाला?" त्यांनी आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं. "चपला बाहेर काढून दर्शन घेतलं! अहो, म्हणून मी म्हणतो, अशा ठिकाणी एन्ट्री जरा बघून द्यावी. उद्या डबा उघडून बसतील."

दोन-चार जण हसले. हीच मंडळी पाच मिनिटांपूर्वी या बुटांसमोर हनुवटीला हात लावून कामगारांच्या दुःखाने हळवी झाली होती. पायांविना ठेवलेला बूट त्यांना चालत होता. तोच बूट घालणारा समोर आला तेव्हा यांच्या नाकाला वास लागला.

"दादा, कोणाबरोबर आलात तुम्ही?" सफूराने विचारलं. तिला वाटलं, कोणा पाहुण्याचा ड्रायव्हर असेल, त्या पाहुण्याला बोलावून मिटवता येईल.

तानाजीला समोरच्या कमानीत ज्ञानदा दिसली. वही छातीशी धरून उभी होती, शेजारी दांडेकरांची मुलगी. पोरीचा चेहरा कानापर्यंत लाल. त्याने नजर काढून घेतली. बूट गेले तर गेले, मोज्यांवर टॅक्सी पकडू, पण हिच्या अंगावर हे यायला नको.

"कोणाबरोबर नाही," तो म्हणाला. "एकटाच आलोय."

मग बुटांची टकटक ऐकू आली. ज्ञानदाच्या शाळेच्या बुटांची.

"खोटं का बोलता बाबा?" ती कडाडली. एवढं मोठ्याने ती घरातही बोलत नसे. मग सफूराकडे वळून, "ही इज माय फादर. मी त्यांना घेऊन आले. दॅट लास्ट पेअर इज हिज."

"अगं ज्ञानदा, हे तुझे..." केयूर साहेब अडखळले.

"हो अंकल. तुमच्या गणपतीचे पाइप लावतात ना दरवर्षी, तेच."

तानाजीने भिंतीला हात टेकला. या वेळी सफूरा ओरडली नाही.

गडबड ऐकून आतल्या ऑफिसातून एक चिनी बाई बाहेर आली. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, पायात साध्या सपाता. हे बूट मांडणारी कलाकार तीच. सफूराने घाईघाईने झालं ते सांगितलं आणि माफी मागितली. बाईने ऐकून घेतलं, बुटांच्या रांगेकडे बघितलं, मग इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"बाबा, त्या विचारतात," ज्ञानदा मराठी जुळवत म्हणाली, "तुमचे शूज उलटे का ठेवले? म्हणजे... सगळ्यांचं तोंड दाराकडे, तुमचं बाहेर."

"उलटे नाहीत. हेच सुलटे." तानाजी बोलून गेला आणि थांबला. पोरीकडे पाहिलं.

"सांगा ना!"

"हे बूट ज्यांचे, ते लोक राहायचे कुठे? घरी की कॅम्पवर?"

ज्ञानदाने विचारून सांगितलं की जहाजाच्या कारखान्याजवळ, एका खोलीत आठ-आठ जण.

"मग असे कसे ठेवतील? पहाटे चारला उठायचं. लाईट लावली तर बाकीचे शिव्या देतात. अंधारात दार उघडलं की पाय सरळ बुटात गेला पाहिजे. म्हणून रात्री काढतानाच तोंड बाहेर करून ठेवायचं. आम्ही कितीही दमलो तरी एवढं करतोच. हे असे दाराकडे तोंड करून, बाई, घरी पोचलेला माणूस ठेवतो."

ज्ञानदाने हे इंग्रजीत सांगितलं. कुठे शब्द अडला तर हाताने दाखवलं. एका वाक्यात 'वी' म्हणाली, म्हणजे आम्ही, ते तानाजीला कळलं.

बाईने पाटीकडे बोट दाखवून हळूच काही म्हटलं.

"त्या म्हणतात, त्यांनी बूट मागितले, नावं लिहून घेतली, फोटो काढले. हे विचारलंच नाही."

आणि ती बाई चक्क जमिनीवर बसली. पहिला जोड उचलून तिने फिरवून ठेवला. मग तानाजीकडे बघून शेजारची फरशी थोपटली. सफूराने "मॅडम, इन्शुरन्स..." म्हणून पाहिलं, मग स्वतःच हसली आणि "खलास, आता काय!" म्हणत बाजूला झाली. तानाजी मोज्यांवर उकिडवा बसला. दोन बुटांत अंतर किती, नाड्या आत कशा खोचायच्या, हे दाखवत गेला. ज्ञानदा तिसरी बसली. सत्तर जोड फिरेपर्यंत अर्धा तास गेला. केयूर साहेब कधी निघून गेले कोणी पाहिलं नाही.

शेवटचा जोड तानाजीचा. बाई त्याच्यावर हात ठेवून काही म्हणाली.

"हे पण राहू देत का विचारतात. पैसे देतील. नवीन घेऊन देतील."

"नको म्हणावं. उद्या सहाला माझी शिफ्ट आहे." त्याने पाय सरळ बुटात घातले आणि नाड्या ओढल्या. बाई खो खो हसली, उभी राहिली आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

बाहेर ऊन होतं, समुद्राचा खारा वारा होता. टॅक्सीत बसल्यावर तानाजीने डोकं मागे टेकलं. अंग ताप उतरल्यावर होतं तसं हलकं झालं होतं. काही बिनसलं नव्हतं, आणि बस गाठायलाही वेळ होता.

"बाबा, त्या आतल्या पेंटिंगसमोर तुम्ही काहीतरी बोलत होता. मी पाहिलं."

"तू पाहिलंस?"

"काय बोलत होता?"

"तो वेल्डर चुकीचा काढलाय. मास्क वर करून वेल्डिंग करतोय गाढव."

"मग मॅडमना का नाही सांगितलं?"

"तूच म्हणालीस, तिथे काही बोलू नका."

ज्ञानदाने वही उघडली, पेनाचं टोपण दातात धरलं. "ते कॅन्सल. आता बोला. स्लो बोला, मी लिहिते."

तानाजी बोलायला लागला. मास्क, ठिणगी, डोळ्यांची आग, रात्री डोळ्यांवर ठेवायचे बटाट्याचे काप. वादी अदाई आली, दार आलं, तरी तो बोलतच होता.